चाकाचे गाऱ्हाणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मोटारीच्या चाकाचे बेअरिंग’ असा विषय वाचून पुष्कळजणींना तो छापखान्याचा दोष वाटला. एका काकूंनी तर मला जिन्यातच गाठून विचारले, “काय ग, हा कुठला नवा पदार्थ?” पदार्थच आहे, काकू; परंतु ताटात वाढण्याचा नव्हे. या व्यासपीठावरून आपण दरवर्षी आहार, आरोग्य, मुलांचे संगोपन, संतवाङ्मय अशा विषयांवर ऐकतो. यंदा जरा लोखंडाकडे वळावे अशी विनंती मी चिटणीसबाईंना केली आणि त्यांनी ती हसत मान्य केली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

हा विषय का निवडला ते सांगते. एके काळी आपल्या मंडळात मोटार चालवणाऱ्या भगिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज सभेच्या दिवशी दारात गाड्या लावायला जागा पुरत नाही. मुलांना शिकवणीला सोडणे, सासूबाईंना दवाखान्यात नेणे, सणाला माहेरी जाऊन येणे, ही सारी ने-आण आपण स्वतः करतो. गाडी चालवायला आपण उत्तम शिकलो. परंतु गाडीचे ऐकायला आपल्याला कोणी शिकवले नाही. मिक्सरचा सूर जरासा बदलला तरी आपल्याला माजघरात कळते. कुकरची शिट्टी दबून आली तर हातातले काम टाकून आपण उठतो. तेच कान गाडीत बसले की काचा लावून गाणी ऐकू लागतात. चाक बिचारे आपले गाऱ्हाणे सांगत असते आणि ऐकणारे कोणी नसते. ते गाऱ्हाणे कसे ऐकावे, आणि त्यावर इलाज करून घेताना आपली फसगत कशी टाळावी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

माझा अधिकार म्हणाल तर तो माहेरचा आहे. साताऱ्यास आमच्या अण्णांचे लहानसे गॅरेज होते. जीप, अँबॅसेडर, फियाट अशा गाड्या तिथे येत. शाळा सुटली की पत्र्याच्या थाळ्यात रॉकेल ओतून चाकांची बेअरिंगे धुणे हे आम्हा बहिणींचे काम असे. आईला ते मुळीच आवडत नसे, कारण फ्रॉकवरचे ग्रीसचे डाग कशानेच निघत नसत. परंतु अण्णा म्हणत, ज्या हाताला वस्तूचा स्पर्श माहीत आहे, त्या हाताला कोणी फसवू शकत नाही. पुढे संसारात पडले, गाड्या बदलल्या, पण ते बोलणे कानात राहिले.

आता बेअरिंग म्हणजे काय? जड पेटी फरशीवरून ढकलायची असेल तर दोघीतिघींचा दम निघतो. तिच्याखाली दोन-तीन लाटणी आडवी घातली, की तीच पेटी एकटीला सरकवता येते. घासणे बंद होऊन घरंगळणे सुरू झाले, एवढाच फरक. बेअरिंगचे सारे मर्म यात आले. पोलादाची दोन कडी असतात, एक लहान आणि एक मोठे, एकात एक बसवलेली. त्यांच्या मधल्या खोबणीत पोलादाचे गुळगुळीत छर्रे किंवा रोलर असतात. ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांना एका पिंजऱ्यात सारख्या अंतरावर बसवलेले असते. आत ग्रीस असते आणि दोन्ही बाजूंना सील असते, म्हणजे ग्रीस बाहेर जाऊ नये आणि पाणी-धूळ आत येऊ नये. एक कडे गाडीच्या स्थिर भागाला धरून राहते, दुसरे चाकाबरोबर फिरते. लहानपणी आपले भाऊ जुन्या बेअरिंगांवर फळी ठोकून उतारावरून गाडी सोडत असत, आठवते ना? तीच ही वस्तू.

बैलगाडीला बेअरिंग नव्हते. लोखंडी आसावर चाक फिरे आणि वंगण संपले की त्याची कुरकुर गावभर ऐकू जाई. म्हणून शहाणा गाडीवान वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगूनच वाटेला लागत असे. घासण्याऐवजी घरंगळावे ही युक्ती मात्र जुनी आहे. वेल्समधील फिलिप वॉन या लोखंड-कारखानदाराने घोडागाडीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट १७९४ साली घेतले. पुढे १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन या गाड्या बांधणाऱ्या गृहस्थाने शंकूसारख्या निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट मिळवले. वळणावर गाडीचा भार आडवा लोटतो, तोही पेलता यावा म्हणून हा निमुळता आकार. आमच्या गॅरेजात येणाऱ्या जीपच्या चाकांत अशीच बेअरिंगे असत. ती उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून आणि नट हवा तेवढा आवळून पुन्हा बसवता येत. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत ते नाही. तिथे छर्ऱ्यांच्या दोन ओळी असलेले, कायमचे बंद केलेले बेअरिंग असते. त्यात ग्रीस भरता येत नाही, नट आवळून ते सुधारत नाही. बिघडले की बदलायचे.

या लहानशा कड्यावर किती भार असतो याचा हिशेब पाहा. लहान गाडी चार माणसे आणि सामान घेऊन निघाली, की एकेका चाकावर साधारण तीनशे किलो वजन येते. चाकाचा घेर जेमतेम दोन मीटर. म्हणजे एका किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे. पुण्याहून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाताना एकेक चाक वाटेत लाखावर प्रदक्षिणा घालते! आणि तेही खड्डे, गतिरोधक, घाटातली वळणे सोसून. चांगले बेअरिंग हे सारे वर्षानुवर्षे मुकाट्याने करते.

मग ते बिघडते का? एक कारण म्हणजे वय. पोलादालाही थकवा येतो. त्याच जागेवरून कोट्यवधी वेळा भार गेला की खोबणीच्या पृष्ठाचे बारीक टवके उडतात. दुसरे कारण म्हणजे आघात. खोल खड्ड्यात चाक आदळले किंवा फुटपाथच्या कडेवर जोराने चढले, तर छर्ऱ्याची खूण खोबणीत उमटते. तिसरे, आणि आपल्याकडे फार मोठे, कारण म्हणजे पावसाळा. रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना आपण गाडी घालतो. चालून गरम झालेले चाकाचे हब थंड पाण्यात बुडले की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलवाटे पाणी आत ओढले जाते. पाण्याने ग्रीस बिघडते, गंज धरतो, आणि काही आठवड्यांनी आवाज सुरू होतो. आवाज दसऱ्याला ऐकू येतो, पण त्याचे बीज श्रावणात पडलेले असते. चौथे कारण म्हणजे बसवणाऱ्याची घिसाडघाई; त्याकडे मी पुढे येते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे आवाज. खोबणीत एक टवका उडाला की प्रत्येक छर्रा त्यावरून जाताना बारीकशी ठोकर खातो. अशा अनेक ठोकरी एका सेकंदात मिळून एक सलग घरघर होते. दूरवरच्या पिठाच्या गिरणीची आठवण व्हावी असा तो आवाज. तो गाडीच्या वेगाबरोबर चढतो आणि उतरतो. शहरात हळू चालताना तो जाणवतही नाही. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की ऐकू येऊ लागतो. दिवसागणिक इतका हळूहळू वाढतो, की रोज गाडी चालवणारीच्या कानाला त्याची सवय होते, आणि कधीतरी गाडीत बसलेली पाहुणी विचारते, “अग, हा कसला आवाज?” विजेवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिनच नसल्यामुळे हा आवाज लवकर ऐकू येतो, हा त्यांचा एक फायदाच म्हणायचा.

आमच्या शेजारच्या वहिनींची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांच्या गाडीला अशी घरघर लागली. त्या एका गॅरेजात गेल्या. तिथल्या माणसाने गाडी चालवून न पाहता टायरांवर हात फिरवला आणि सांगितले, “ताई, चारही टायर बदलावे लागतील.” वहिनी म्हणाल्या, “टायर गेल्याच वर्षी घातलेत.” त्यावर उत्तर आले, “तुम्हाला त्यातले कळणार नाही, साहेबांना पाठवा.” भगिनींनो, चार टायरांचा खर्च एक वेळ सोसता येतो, पण हे वाक्य सोसवत नाही. वहिनी घरी आल्या त्या रडवेल्या होऊन. साहेब परगावी नोकरीला, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला परीक्षेला वाईला न्यायचे. गाडी न्यावी की न न्यावी, हा प्रश्न.

मी म्हटले, चला, आधी गाडीचे म्हणणे ऐकू. पहाटे रस्ता मोकळा असताना आम्ही दोघी निघालो. गाणी बंद, पंखा बंद, काचा खाली. वहिनी चालवत होत्या, मी शेजारी कान देऊन बसले.

पहिली परीक्षा इंजिनाची. सपाट रस्त्यावर वेग घेतल्यावर मी त्यांना क्लच दाबायला सांगितले. इंजिनाचा आवाज खाली आला, घरघर मात्र तशीच राहिली. म्हणजे दोष इंजिनाचा नव्हे, फिरत्या चाकांकडचा. ही परीक्षा करताना किल्ली फिरवून इंजिन मात्र कधीही बंद करू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात आणि जिवाशी गाठ पडते.

दुसरी परीक्षा टायरची. टायर असमान झिजले तरी असाच आवाज येतो, म्हणून गॅरेजवाल्याचा तर्क अगदीच अशक्य नव्हता. परंतु टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरावर एक, सिमेंटवर दुसरा, नव्या गुळगुळीत पट्ट्यावर जवळजवळ नाहीसा. बेअरिंग तसा भेदभाव करत नाही. आमची घरघर डांबरावर होती तशीच सिमेंटवर राहिली.

तिसरी परीक्षा वळणाची, आणि हीच सर्वांत उपयोगाची. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर झुकतो. डावीकडे वळते तेव्हा उजव्या चाकांवर. एस.टी.च्या गाडीत वळणावर आपण शेजारणीच्या अंगावर कलतो, तसेच. ज्या चाकाचे बेअरिंग दुखते, त्यावर भार आला की ते जास्त ओरडते. लांबट उजव्या वळणावर वहिनींच्या गाडीची घरघर वाढली, डाव्या वळणावर ती दबली. संशय डाव्या बाजूवर आला. मात्र हे ध्यानात ठेवावे, की हा संशय आहे, निकाल नव्हे. आवाज गाडीच्या पत्र्यातून फिरतो; पुढचा मागे वाटतो आणि मागचा पुढे. निकाल चाक उचलूनच लावायचा.

इतर आवाजांशी घोटाळा होऊ नये म्हणून तेही सांगते. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टकटक होत असेल, तर पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा पाहावा. ब्रेक दाबल्यावरच किंचाळी येत असेल, तर ब्रेकचे पॅड. खड्ड्यात गेल्यावरच धाडकन वाजत असेल, तर सस्पेन्शन. वेगाबरोबर चढणारी सलग घरघर असेल आणि वळणावर ती बदलत असेल, तर बेअरिंग.

घरी परतल्यावर आम्ही चाक उचलले. जागा सपाट घ्यावी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडाची पाचर लावावी. जॅकवर उभ्या गाडीखाली हात, पाय, डोके काहीही घालू नये, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. मागचे चाक उचलायचे असेल तर पाचर नीट लावून मगच हातब्रेक सोडावा, नाहीतर ते चाक फिरणारच नाही.

चाक जमिनीपासून सुटले की घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, म्हणजे वर आणि खाली, दोन हातांनी धरून आत-बाहेर हलवून पाहावे. चांगले चाक घट्ट असते. ते डुगडुगत असेल, तर कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच डुगडुगणे थांबले तर दोष बहुधा बेअरिंगचा; तरीही राहिले तर सांध्यांचा. तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे आडवे धरल्यावरच हलत असेल, तर स्टिअरिंगच्या दांड्यांकडे पाहावे. नंतर चाक हाताने फिरवावे, आणि दुसरा हात त्यामागच्या स्प्रिंगवर हलकेच ठेवावा. हा हात फिरत्या भागापासून दूर हवा आणि गाडीचे इंजिन बंद हवे. चांगल्या चाकाची स्प्रिंग शांत राहते. बिघडलेल्याची तळहाताला खरखर लागते, जणू पिठात खडा आला आहे. वहिनींचे पुढचे डावे चाक मुळीच डुगडुगत नव्हते, पण स्प्रिंगवर हात ठेवताच त्या म्हणाल्या, “अगबाई, इथे तर रवा दळतोय!” उजव्या चाकाशी ताडून पाहिले, तिथे काही नाही. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हल्लीची बंद बेअरिंगे पुष्कळदा आधी ओरडतात आणि सैल मागाहून होतात. चाक हलत नाही म्हणून बेअरिंग चांगले, असे कोणी म्हणाले तर ते मानू नये.

त्या दिवशी परीक्षेला त्या मुलीला घेऊन एस.टी.ने गेल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गॅरेजात जाऊन त्यांनी एवढेच सांगितले, “चाळीसच्या पुढे घरघर सुरू होते. क्लच दाबला तरी राहते, रस्ता बदलला तरी तीच. उजव्या वळणावर वाढते. पुढचे डावे चाक फिरवले की स्प्रिंगला खरखर लागते. बेअरिंग पाहून द्या.” मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, गाडी चालवून आणली, चाक उचलले आणि म्हणाले, “बरोबर आहे, ताई.” साहेबांना पाठवा असे कोणी म्हणाले नाही. रोग्याने लक्षणे नीट सांगितली की वैद्याचेही काम सोपे होते.

दुरुस्ती कशी होते तेही थोडक्यात समजून घ्या; कारण हे काम घरचे नव्हे, पण उभे राहून पाहण्यासारखे खास आहे. चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल करतात. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक काढतात. ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने टांगून ठेवतात. तो नुसत्या रबरी नळीवर लोंबकळता कामा नये. नळी आतून फाटली तर पुढे ब्रेकच दगा देतात. मग डिस्क आणि त्यामागचा लोखंडी नकल बाहेर येतो. काही गाड्यांत बेअरिंग आणि हब एकत्रच असतात आणि बोल्ट काढून अख्खा जोड बदलतात. ते काम लवकर होते. पुष्कळ लहान गाड्यांत मात्र हब दाबून काढावा लागतो, सर्कलिप काढावी लागते आणि जुने बेअरिंग प्रेसने बाहेर ढकलावे लागते.

आता मघाशी म्हटलेल्या घिसाडघाईचा मुद्दा. नवे बेअरिंग नकलमध्ये घालताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. हब घालताना आतल्या कड्याला खालून आधार दिला पाहिजे. हे न पाळता घणाचे घाव घातले, तर सारा जोर छर्ऱ्यांमधून जातो आणि त्यांच्या खुणा खोबणीत उमटतात. खोक्यातून काढलेले कोरे बेअरिंग बसवताक्षणीच आजारी पडते, आणि थोड्याच दिवसांत तीच घरघर परत येते. मग दोष मालाला लावतात. म्हणून विचारावे, “प्रेसवर बसवणार ना?” ज्याच्याकडे प्रेस नाही तो चांगला मिस्त्री नकल लेथवाल्याकडे नेऊन बसवून आणतो, त्याला वेळ द्यावा.

आणखी एक बारकावा. ब्रेक लावताना चाक अडकू नये म्हणून हल्लीच्या गाड्यांत जी ए.बी.एस. व्यवस्था असते, तिच्यासाठी काही बेअरिंगांच्या एका बाजूला चुंबकी पट्टी बसवलेली असते. ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते. उलटे बसले तर समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागून राहतो. शेवटी मधला नट कंपनीने सांगितलेल्या मापानेच, टॉर्कच्या पान्याने आवळायचा असतो. अनेक लहान गाड्यांत हा जोर एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला पंधरा-वीस किलो वजन टांगावे एवढा असतो. गाडीगणिक आकडा वेगळा. हा नट केवळ चाक धरत नाही. बेअरिंगची दोन्ही आतली कडी तोच एकत्र दाबून ठेवतो. तो सैल राहिला तर नवे बेअरिंगही टिकत नाही. पुष्कळ गाड्यांत हा नट दर वेळी नवा घालायचा असतो. नट पुरा आवळल्याशिवाय गाडीचा भार चाकावर देऊन ती ढकलूही नये.

तेव्हा गॅरेजात पाच गोष्टी सांगाव्यात: जुने बेअरिंग मला दाखवा; प्रेसवर बसवा; नट नवा घाला; टॉर्कच्या पान्याने आवळा; आणि शेवटी मला शेजारी बसवून गाडी चालवून आणा. ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलतात, बेअरिंगला तसा नियम नाही. एकच बिघडले असेल तर एकच बदलावे. सस्पेन्शनचे बोल्ट सोडावे लागले असतील, तर मात्र चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे.

“पण आवाजच तर आहे, चालतेय तोवर चालवू,” असे म्हणणाऱ्या भगिनींना हात जोडून सांगते, असे करू नका. घरघर लागली म्हणजे चाक त्याच दिवशी निखळते असे नव्हे. घाबरून जायचे कारण नाही. परंतु हा रोग आपोआप बरा होणारा नव्हे. खोबणी खडबडीत होत जाते, चाक डुगडुगू लागते, ब्रेकची डिस्क वाकडी फिरते, बेअरिंग तापते, ग्रीस जळते. अगदी शेवटी ते अडकते किंवा तुटते, आणि ते घाटाच्या उतारावर घडले तर पस्तावायलाही सवड मिळत नाही. घरघर ऐकू आली की लांबचा प्रवास पुढे ढकलावा. चाक डुगडुगत असेल, जळका वास येत असेल किंवा एक चाक बाकीच्यांपेक्षा फार तापत असेल, तर गाडी जागची हलवूच नये, मिस्त्रींना घरी बोलवावे. वेळेवर बदललेले बेअरिंग हा एका बेअरिंगचा खर्च. उशिरा बदलले की हब, डिस्क, सेन्सर असे सारे गणगोत त्याच्याबरोबर येते.

यंत्राच्या बाबतीत बायका मागे, असे कोणी म्हणाले तर त्याला बर्था बेंझबाईंचे नाव सांगा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन या बाई पतीने बांधलेल्या मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. शंभरावर किलोमीटरची वाट. इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीच्या पिनेने ती साफ केली. ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे बसवून घेतले. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास एका माहेरवाशिणीने केला, आणि वाटेतली दुरुस्तीही तिनेच पाहिली!

आणि आपल्याकडची गोष्ट तर आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकली आहे. ऐन रणात दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ निखळली, तेव्हा कैकेयीने तिथे आपला हात घालून रथ सावरला. पुढे तिने वर मागून जे केले ते केले. पण चाक बिघडल्याचे प्रथम तिच्या ध्यानात आले, हे विसरू नये. आपल्याला चाकात हात घालायचा नाही, फक्त कान द्यायचा आहे.

तेव्हा एक छोटा उपक्रम सुचवते. येत्या रविवारी सकाळी ज्यांना जमेल त्यांनी आपापली गाडी घेऊन मंडळाच्या मैदानात यावे. एकेक चाक उचलू, हलवू, फिरवू आणि प्रत्येकीच्या हाताला चांगल्या चाकाचा स्पर्श कसा असतो तो कळू देऊ. चांगले काय ते हाताला एकदा कळले, की वाईट ओळखायला कोणाला विचारावे लागत नाही. पाचरी आणि जॅक मी आणीन. चहाची व्यवस्था चिटणीसबाईंनी करावी.